डावा हात देवाकडे

सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही. लहानपणापासूनचा नेम आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण एका श्रावणात हा नेम माझ्या देवघरातून उठला आणि गावच्या मारुतीभोवतीच्या वाटेवर गेला. ते मात्र सांगायला हवं, कारण अजूनही भालकीच्या बसमध्ये कुणी ना कुणी विचारतं, "बाई, तुमच्या गावात मारुतीला दोन्ही अंगानं फेऱ्या घालायलेत म्हणं?"

घालतात. त्याची सुरुवात माझ्या एका अडाणीपणानं झाली.

माझं नाव भागम्मा. भालकीहून उदगीरकडे जाणारा रस्ता सोडून थोडं आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथल्या सरकारी मराठी शाळेत मी भाषा शिकवते. घरात आम्ही कानडी बोलतो, शाळेत मराठी, आणि बाजारात समोरचा बोलेल ती. शाळेतली पीटी मास्तरची जागा चार वर्षं रिकामीच होती. त्यामुळे बिदरला शाळकरी मुलांच्या अ‍ॅथलेटिक्सचं तीन दिवसांचं शिबिर लागलं, तेव्हा आमचे हेडमास्तर गुरुशांतप्पा सर यांनी सगळ्या शिक्षकांकडे एकदा बघितलं आणि जिला नाही म्हणता येत नाही तिचं नाव लिहून टाकलं.

शिबिरात किरणकुमार म्हणून एक तरुण सर होते. उन्हानं रापलेले, काटकुळे. जुन्या सायकलच्या टायरांच्या रिंगा मांडून त्यातून उड्या कशा मारायच्या, गुडघे उचलून कसं पळायचं, वाळूनं भरलेली पिशवी कशी फेकायची, ते त्यांनी आम्हा साडीवाल्या बायकांकडून करून घेतलं. पहिल्या दिवशी मी लाजेनं मेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "जिंकणारं पोर कुठूनबी जिंकतंय. मला हे सांगा, तुमच्या शाळेत पायरीवर बसून राहणारी किती आहेत?"

मी मनात मोजलं. चौदा. पाचवी ते सातवीच्या झाडून सगळ्या मुली. पोरं सुट्टी झाली की फळकुटाची बॅट घेऊन ओढ्याकडे पळत. मुली पायरीवर बसत, एकमेकींच्या वेण्या घालत. गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टच्या कवायतीला अर्धा तास उभं राहावं लागलं, तर त्यातल्या तिघी मटकन खाली बसल्या होत्या. आम्ही म्हणालो, सकाळी खाऊन आल्या नसतील. विषय तिथंच संपला होता.

परत आल्यावर मी सरांकडे रोज सकाळी सात ते आठ असा एक तास मागितला.

सर वाईट नाहीत. पण ते गणिताचे. चष्मा पुसत म्हणाले, "बाई, ती वेळ मी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेसाठी धरून ठेवलीय. गेल्या साली आपलं एक पोर लागलं न्हाई. पालक मला विचारणार." मग म्हणाले, "असं करू. तालुक्याच्या स्पर्धेपर्यंत तास तुमचा. एक जरी पोर जिल्ह्याला गेलं तर वेळापत्रकात कायमचा लिहून देतो. न्हाई गेलं तर गणित. कबूल?"

"कबूल."

"शब्द?"

"शब्द, सर."

मी शब्द हळू आवाजात देते. पण एकदा दिला की तो माझ्या नेमांमध्ये जाऊन बसतो.

तास मिळाला, पण जागा नव्हती. शाळेचं अंगण दोन बैलगाड्या उभ्या केल्या की भरतं. शेतांत ऊस, आणि पाऊस लागला की काळी माती पायाला अशी धरते की चप्पल तिथंच राहते. कोरडी राहणारी एकच जागा म्हणजे गावाबाहेरचा मारुतीचा माळ. मुरमाड जमीन, पाऊस थांबला की अर्ध्या तासात पाणी निथळून जातं. देऊळ, पिंपळाचा पार आणि जुनी विहीर यांना वळसा घालून प्रदक्षिणेची एक रुंद वाट पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी पडलेली. मी टेपनं मोजली. एकशे ऐंशी मीटर भरली.

देवळाचा कारभार अंकुशराव अण्णांकडे. सत्तरीचे, डोक्यावर पांढरी टोपी, पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करणारे. मी भीत भीत विचारलं, तर ते उलट खूशच झाले.

"देवाभवती पळायचं म्हंजी परदक्षिणाच की, बाई! पळू द्या पोरींला. फकस्त येक करा. उजवा हात देवाकडं ठिवा. मग कितीबी पळा."

ते मला इतकं सरळ वाटलं की मी मान हलवली. दुसरा हात देवाकडे ठेवून कुणी फिरतं का?

असे आम्ही अडीच महिने पळालो. आधी दोन फेऱ्यांत धापा टाकणाऱ्या पोरी सहा फेऱ्या घालू लागल्या. पिंकी सगळ्यांत पुढे. शाळेत दुपारचा भात रांधणाऱ्या कलाबाईची ही मुलगी. सातवीत, तोंडानं तिखट आणि पायांनी त्याहून. तिच्या मागं सौम्या, मग धाकटी ज्योती, आणि बाकीच्या आपापल्या चालीनं. मी शिट्टी वाजवायची, अण्णा पारावरून ओरडायचे, "जय बजरंग! झाल्या का न्हाईत सा?" आणि भेटेल त्याला सांगायचे, आमच्या पोरी रोज मारुतीला प्रदक्षिणा घालायल्यात म्हणून.

पहिली स्पर्धा आमच्या दहा शाळांच्या गटाची होती. शेजारच्या गावात माळावर चुन्यानं लंबगोल आखला होता आणि शिट्टी किरणकुमार सरांकडेच होती. सहाशे मीटर, मुली. पहिल्या दोघी तालुक्याला.

मुली रेषेवर उभ्या राहिल्या, आणि लोक हसायला लागले. मला आधी कळेना. मग दिसलं. बाकीच्या सगळ्या शाळांच्या मुलींची तोंडं एका बाजूला, आणि आमच्या पिंकी, सौम्या, ज्योती या तिघींची दुसऱ्या बाजूला.

"ए पोरींनो," कडेचा कुणी मास्तर ओरडला, "घराकडं चाललाव का?"

पिंकीनं वळून बाकीच्यांकडे बघितलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "सर, ह्याच सगळ्या उलट्या उभ्या ऱ्हायल्यात!"

सगळा माळ हसला. किरणकुमार सरांनी येऊन तिघींना खांद्याला धरून फिरवलं. शिट्टी झाली. सरळ रेषेत पिंकी पुढे होती, पण वळण आलं की तिचं अंग उजवीकडे जायचं. ती बाहेर फेकली जायची, आणि आतून दुसरी पुढे सरायची. तीन फेऱ्यांत सहा वळणं. प्रत्येक वळणावर गमावलेलं तिनं सरळ रेषेत ओढून आणलं आणि कशीबशी दुसरी आली. सौम्या तर पहिल्याच वळणावर दुसऱ्या मुलीला धडकली आणि दोघी पडल्या.

किरणकुमार सरांनी मला बाजूला घेतलं. "अक्का, तुम्ही कुठल्या बाजूनं पळवता?"

मी सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "डावा हात आत, अक्का. सगळीकडं. ऑलिंपिकला गेलात तरी डावाच हात आत. शिबिरात मी बोललोच न्हाई, वाटलं हे सगळ्यांना ठावं असतंय."

"आम्हाला दुसरंच ठाऊक होतं," मी म्हणाले.

तालुक्याच्या स्पर्धेला एकोणीस दिवस होते. येताना जीपमध्ये पिंकी गुडघा चोळत होती. "बाई, वळणावर पाय जिकडं न्यायचा तिकडं जाईना. जसं डाव्या हातानं लिहायला लावल्यावानी."

म्हणजे डाव्या हातानं लिहायला शिकायचं होतं, आणि एकोणीस दिवसांत. वाट तर एकच होती.

संध्याकाळी मी पारापाशी गेले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"उलट्या फेऱ्या कुणाला घालत्यात, ठावं हाय न्हवं बाई?"

ठाऊक होतं. चितेला.

"आन्‌ तुमी म्हनायलाव, श्रावणात, मारुतीला, पोरींनी उलट्या घालायच्या."

"महादेवाला आपण अर्ध्यातून परत येतो, अण्णा," मी म्हणाले. हे मी वाटेत ठरवून आले होते. "परत येताना डावाच हात देवाकडं असतो."

"त्यो महादेव. भोळा हाय, खपवून घेतंय. ह्यो मारुती. ह्याला खपत न्हाई." मग त्यांनी जरा टोचूनच म्हटलं, "आन्‌ तुमी लिंगायत. तुमचा देव तुमच्या गळ्यात. आमच्या मारुतीचं तुमाला काय?"

हे लागलं. माझा हात नकळत गळ्यातल्या लिंगाकडे गेला. बावीस वर्षं मी या गावात आहे आणि शाळेत जाताना या देवळासमोर हात जोडल्याशिवाय एक दिवस पुढे गेले नाही, हे मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. मग विचारलं, "अण्णा, चुकून कुणाकडून उलटी फेरी झाली, तर काय करतात?"

अण्णा विचारात पडले. असं काही विचारलं की त्यांना बरं वाटतं. "फेडायची. माझी आज्जी सांगायची. येक उलटी झाली की येक सुलटी घालून फेडायची. दोन्ही मिळून काहीच झालं न्हाई असं हुतंय."

"मग मुलींनी उलट्या घालाव्यात. मी फेडते."

"तुमी?" त्यांनी बोटांची पेरं धरली. "चौदा पोरी. येकेकीच्या सा. चौऱ्याऐंशी हुत्यात, बाई!"

"चौऱ्याऐंशी तर चौऱ्याऐंशी."

"रोज?"

"रोज. फेडून झाल्याशिवाय मी पाणी घेणार नाही."

शेवटचं वाक्य ठरवलेलं नव्हतं. जिभेनं परस्पर म्हणून टाकलं. अण्णांनी देवळाकडे बघितलं, जणू त्याचं मत विचारत होते. "बघा बुवा," ते म्हणाले. "मी हितंच बसून मोजणार हाय. येक कमी पडली तर दुसऱ्या दिवशी पोरींला पळू देणार न्हाई."

पहिला दिवस मंगळवार. पूजा करून कोरड्या तोंडानंच मी साडेसहाला माळावर गेले. मुली डावा हात आत धरून निघाल्या आणि पहिल्याच वळणावर चौघी एकमेकींवर आदळल्या. मी समोरून येत होते. अर्धी फेरी झाली की त्या सगळ्या माझ्यासमोर, मग पुन्हा पाठीमागं. शाळेची वेळ होईपर्यंत माझ्या छत्तीस झाल्या. मधल्या सुट्टीत बारा. उरलेल्या छत्तीस शाळा सुटल्यावर. देवळात दिवा लागला तेव्हा अण्णांनी पेरावरचं बोट सोडलं आणि म्हणाले, "झाल्या." त्यांनीच विहिरीचं पाणी शेंदून दिलं.

मी टेपच्या मापानं हिशेब केला होता. पंधरा किलोमीटर आणि वर थोडं. आमच्या गावापासून भालकी तेवढीच आहे.

"भालकीला पायी गेलीस आन्‌ पोचली कुठंच न्हाईस," आमचे हे म्हणाले, आणि पाय शेकायला कढत पाण्याची बादली आणून ठेवली. एवढंच बोलले. नेमाच्या बाबतीत ते कधी मध्ये पडत नाहीत.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी कलाबाई पोरांना भात वाढता वाढता डाव तसाच हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाई, तीन दिस झाले. तुमी भात घेईनाव, ताक घेईनाव. उपास तर सोमवारी असतंय. आज बेस्तरवार."

मी टाळलं. पण पिंकी शेजारीच ताट घेऊन बसली होती. तिनं एका दमात सगळं सांगितलं, अण्णा, चौऱ्याऐंशी, पाणी.

कलाबाईचा चेहरा लाल झाला. मला वाटलं तिला वाईट वाटलं. ती चिडली होती.

"माझ्या लेकीच्या फेऱ्या तुमी कामून फेडायलाव? मी मेलेव का?"

"तसं नाही, कलाबाई…"

"तसं न्हाई तर कसं? तुमी बाई हाव म्हणून काय सगळं तुमीच करणार? उद्या सा फेऱ्या माझ्या. सांगून ठिवते."

शुक्रवारी साडेसहाला ती पदर खोचून माळावर हजर. अण्णांनी पारावरून हरकत घेतली. "बोलणं बाईसंगं झालंय. तुझं काय काम?"

"अण्णा, उलट्या फेऱ्या कुणाच्या? लेकीच्या. लेक कुणाची?"

अण्णांनी टोपी सारखी केली. "घाल बाई," ते म्हणाले, "घाल."

शनिवारी सौम्याची आजी लिंगम्मा आली. काठी टेकत दोन फेऱ्या घातल्या आणि पारावर बसून सुनेला हुकूम सोडला, "उरलेल्या चार तुझ्या." मग ज्योतीची आई आली. मग रोज एक-दोन. जिची आई पहाटेच खुरपणीला जायची, तिच्या फेऱ्या माझ्याकडे. पुढच्या आठवड्यात माझ्या वाट्याला चोवीसच राहिल्या, आणि शाळेआधी मला पाणी मिळू लागलं.

बायका बाहेरच्या कडेनं एका दिशेला, मुली आतून दुसऱ्या दिशेला. समोरासमोर आल्या की टोमणे. "ए आये, पाय उचल की!" "तू गप पळ, माझ्या मागं दोन फेऱ्या हायस!" लिंगम्माची सून एकदा चालता चालता थांबली, आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिली. मी विचारलं, काय झालं अक्का? म्हणाली, "डोक्यावर भारा न्हाई, कंबरंवर घागर न्हाई. मोकळं चालायचं म्हंजी हात कुठं ठिवावं कळंना."

वळणाचं मात्र अवघड होतं. किरणकुमार सर फोनवर सांगायचे, डावा खांदा खाली, उजवा हात मोठा. मी तसंच सांगायचे आणि मुली लाकडासारख्या ताठ व्हायच्या. सातव्या दिवशी मला दुसरंच सुचलं. मी म्हणाले, "वळणावर मारुतीकडं झुका. कानात काहीतरी सांगायचंय असं."

पिंकीनं विचारलं, "काय सांगू?"

"ते तुझं तू बघ."

ती झुकली. पहिल्यांदाच तिचं पाऊल वाटेच्या आतल्या कडेला चिकटून राहिलं. मागून सौम्या झुकली, मग सगळ्याच झुकल्या. अण्णा पारावर उभे राहिले होते. "काय सांगायल्यात गं देवाला?" त्यांनी ओरडून विचारलं. "तुमचंच सांगायलाव!" पिंकी ओरडली आणि वळण पार करून गेली.

भालकीची स्पर्धा शनिवारी होती. कलाबाईनं सुट्टी काढली. अण्णांनी श्रावणी शनिवार असूनही दुपारची आरती दुसऱ्यावर सोपवली आणि आमच्या जीपमध्ये पुढं येऊन बसले. मैदानावर तालुक्यातल्या चांगल्या चांगल्या शाळांच्या मुली होत्या, पायांत खिळ्यांचे बूट घातलेल्या. आमची पिंकी अनवाणी.

तिचं एकही वळण चुकलं नाही. खरं सांगते, इतर मुली वळणावर बाहेर जात होत्या आणि ती आतून, खांदा झुकवून, ओठ हलवत जात होती. शेवटच्या वळणाला ती पहिली होती. पण पुढे पन्नास मीटर सरळ होतं, आणि सरळ रेषेत दोघी उंच मुली तिच्या बाजूनं आल्या. पिंकीनं मान खाली घालून होतं तेवढं सगळं ओतलं. एक पुढे गेली. दुसरी आणि पिंकी एकदमच फितीवर गेल्या असं मला वाटलं. पंचांनी दोनदा एकमेकांना विचारलं. खांद्याच्या रुंदीएवढ्या फरकानं पिंकी तिसरी.

जिल्ह्याला पहिल्या दोघी जातात.

येताना जीपमध्ये पिंकी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. गाव जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं, "बाई, भालकीतल्या तीन फेऱ्या उलट्याच झाल्या. तिथं देऊळ नव्हतं. त्या बी फेडायच्या का?"

"मी फेडीन," मी म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं, कारण ते मलाच सांगायला हवं होतं. "सोमवारपासून सकाळी सातला शाळेत गणिताचा तास. वही-पेन्सिल घेऊन या."

चौदा मुलींना निरोप गेला. रविवारी गुरुशांतप्पा सर घरी आले. ओट्यावर बसून चहा घेतला. "बाई, खांद्याएवढंच ऱ्हायलं म्हणं. पुढच्या साली बघू."

"शब्द दिलाय, सर."

"व्हय. मीबी पालकांला सांगून बसलोय."

सोमवारी पूजा आटोपून मी माळावर गेले ते पिंकीच्या तीन फेऱ्या फेडायला. मनात होतं, शेवटच्या तीन, मग पाणी, मग शाळा. पण माळावर कलाबाई आधीच चालत होती. लिंगम्माची सून होती, ज्योतीची आई होती, अकरा बायका होत्या. लिंगम्मा पारावर अण्णांच्या शेजारी काठी धरून बसली होती.

"तुम्ही का आलात?" मी विचारलं. "मुली आज पळणार नाहीत."

"ठावं हाय," कलाबाई म्हणाली आणि चालत राहिली.

मी माझी पहिली फेरी सुरू केली. आतली वाट रिकामी होती. समोरून कुणीच येत नव्हतं. माझी चाल चुकायला लागली.

सातला पाच मिनिटं असताना सरांची मोटारसायकल शाळेकडे निघालेली दिसली. अण्णा पारावरून उठले आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"मास्तर, पोरी कुठं हायत?"

"शाळेत. गणिताला."

"मंग ह्या बाया काय फेडायल्यात?"

सर गोंधळले. "म्हणजे?"

"म्हंजी असं," अण्णा समजावून सांगायला लागले, "पोरी उलट्या घालायच्या, ह्या सुलट्या. दोन्ही मिळून बरोबर. आता पोरी न्हाईत, आन्‌ ह्या तर घालायल्यात. ह्येला उलट्या कोण घालणार?"

"बायकांना म्हणावं थांबा," सर म्हणाले.

"कामून थांबू?" लिंगम्मा पारावरून कडाडली. "चाळीस साल घागरी वाह्यल्या तवा कुणी थांब म्हनलं न्हाई!"

सरांनी गाडी बंद केली. "हे बघा, बाईंनी मला शब्द दिलाय. पोरगी जिल्ह्याला गेली न्हाई. तास गणिताचा."

"बाईनं दिलाय, बाई पाळायलीय," अण्णा म्हणाले. "बघा की, येक अक्षर बोलंना. आमी कुठं दिलाव?"

कलाबाई चालता चालता त्यांच्यापाशी आली. "सर, गणित सांजच्याला बी येतंय. पळणं उनात येत न्हाई. आन्‌ खरं सांगू? माझी पिंकी पहिलं शाळंतून आली की आडवी पडायची. आता पाढे म्हणत म्हणत फेऱ्या घालती. इचारा तिला."

सर माझ्याकडे वळले. मी दुसरी फेरी संपवून तिथवर आले होते. "बाई, तुम्ही काय म्हणता?"

मला म्हणायचं पुष्कळ होतं. पायरीवर बसलेल्या चौदा मुली मला दिसत होत्या, वेण्या घालताना. पण मी तेवढंच म्हणाले जेवढं माझं होतं.

"माझा शब्द तुमच्यापाशी आहे, सर. मी मोडणार नाही. सोडायचा असेल तर तुम्हीच सोडू शकता."

सर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, घातला. बायका थांबल्या नाहीत. त्या त्यांच्या बाजूनं जात राहिल्या, त्यांना मध्ये ठेवून, जसा एखादा खांब असावा.

"संध्याकाळी पाच ते सहा गणित," शेवटी ते म्हणाले. "एकीनं बी चुकवायचं न्हाई. चुकवलं तर सकाळचा तास बंद. सोडला शब्द." मग बोट उगारून म्हणाले, "पण मी काही फेऱ्या घालणार न्हाई, आधीच सांगतो."

"पोटाकडं बघून बोला, मास्तर," लिंगम्मा म्हणाली.

सर हसले नाहीत, पण गाडीला किक मारायलाही विसरले. तशीच ढकलत शाळेकडे गेले. थोड्या वेळानं शाळेच्या बाजूनं गलका आला आणि पोरी आल्या. हातात वह्या, काहींच्या पेन्सिली कानात. वह्यांचा पारावर ढीग पडला. अण्णांनी एकेक वही सरळ करून रचली.

"बाई, किती ऱ्हायल्या?" पिंकीनं आतल्या वाटेवर उतरत विचारलं.

"एक."

मी तिसरी फेरी चालले. अर्ध्यात त्या समोरून आल्या, चौदाच्या चौदा, डावा हात देवाकडे, वळणावर झुकलेल्या. माती उडाली. माझी चाल आपोआप बसली.

फेरी पूर्ण झाली तेव्हा कलाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. माझ्या तोंडाला कोरड पडली होती. तांब्या हातात घेतला, आणि मागून अण्णांचा आवाज आला, "बाई, पोरींच्या दोन-दोन झाल्या बगा!"

मी तांब्या पारावर वह्यांच्या शेजारी ठेवला, वर ताटली झाकली आणि पुन्हा चालू लागले.